आमचे कूळ, आमची कुळे

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती चार घटका गप्पा मारण्यापुरती. दिवाळी अंकात मात्र संपादकमहाशय जरा ऐसपैस बैठक घालून देतात. तेव्हा यंदा घरातलीच एक गोष्ट सांगायला बसलो आहे. गोष्ट लक्ष्मीपूजनाची आहे, आणि ती सांगताना मला थोडा संकोच वाटतो आहे. का ते पुढे कळेलच.

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाला पाटावर तसबिरीपुढे चांदीचे चार रुपये, लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि एक जुनी वही मांडतात. वही लाल खारव्याच्या बांधणीची, उभट, दोरीने आवळलेली. आमच्या पणजोबांच्या सावकारीची ती खतावणी. सावकारी केव्हाच संपली, सुप्याकडच्या आमच्या गावातला वाडाही बसला, पण वहीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय घरात कोणी फराळाला हात लावत नाही. आणि पूजा झाली की एक गोष्ट सांगायची, हा रिवाज. पूर्वी आजोबा सांगत, मग वडील सांगू लागले, आणि गेली तीस-पस्तीस वर्षे ते काम माझ्याकडे आहे.

गोष्ट अशी. धाता संवत्सरात, म्हणजे १८७६ साली, मोठा दुष्काळ पडला. माणसे पाला खाऊ लागली. तेव्हा पणजोबांनी एके सकाळी कर्जखतांचे गाठोडे अंगणात आणले, तुळशीपुढे ठेवले आणि त्याला काडी लावली. पणजीला म्हणाले, "देवाने ज्यांच्याजवळ काही ठेवले नाही, त्यांच्याकडून मी काय घेऊ?" एवढे सांगून झाले की वडील एक सुस्कारा सोडीत आणि शेपटाला जोडीत, "आणि अशा माणसाच्या नातवाची पिंपळपट्टी सरकारने कुळकायद्यात काढून घेतली!" पिंपळपट्टी म्हणजे आमचा गावाकडचा चांगल्यातला चांगला जमिनीचा तुकडा. तो १९५७ साली गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या दिवाळीला वडिलांनी गोष्ट अर्ध्यावर सोडली होती ते मला आठवते.

खरे सांगायचे तर या गोष्टीतली तुळस माझी आहे. वडील सांगत तेव्हा नुसते अंगण होते. पण मुलांना सांगताना तुळस बरी वाटली, म्हणून मी ती घातली, आणि दोन-तीन वर्षांत ती इतकी मुरली की माझ्या धाकट्या भावालाही आता ती आजोबांच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटते.

गेल्या दिवाळीत गोष्ट संपली तेव्हा माझी दहा वर्षांची नात पाटाकडे बघत होती. तिने विचारले, "आजोबा, सगळे कागद जाळले ना? मग ही वही कशी राहिली?"

चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवलेला माणूस मी. पोरांच्या प्रश्नाला उत्तर नाही असे सहसा व्हायचे नाही. त्या दिवशी मी बत्तासा तिच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, "आधी फराळ कर." वाचकहो, मास्तर जेव्हा असे बोलतो तेव्हा त्याला उत्तर येत नसते, हे आपण सर्वांनी आपापल्या शाळेत अनुभवलेच असेल.

पाडव्याला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तळाशी एक रुमाल होता. जुन्या लोकांत कागदपत्र कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. सोडला तर आत अडतीस पत्रे. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, काहींना पाणी लागलेले. आणि सगळी मोडीत!

मोडी शाळांतून गेली ती विसाव्या शतकाच्या मध्याला. माझ्या वडिलांना ती वाचता येई. माझ्या वाट्याला आली नाही. म्हणजे बघा, केवळ एका पिढीत आमच्या घराला स्वतःचीच पत्रे वाचता येईनाशी झाली. सत्याहत्तराव्या वर्षी पुण्यात मोडीच्या वर्गाला नाव घातले. शेजारी विशीतली मुले बसत आणि मला 'काका, हा ब नाही, व आहे' असे समजावीत. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे टांगत जायचे. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांत अंतर सोडायचे नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'दिन' आणि 'दीन' एकच. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. पहिले पत्र लावायला मला अकरा दिवस लागले, आणि त्यात निघाले काय, तर पुण्याहून पाठवलेल्या पितळी समयांचा हिशेब.

पण हळूहळू हात बसला. ती सारी पत्रे पणजोबांच्या थोरल्या भावाने पुण्याहून लिहिलेली होती. दादा पुण्यात कुठेसे कारकून होते. म्हणजे ट्रंकेत होती ती फक्त उत्तरे. टेलिफोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसून आपण नुसते "हो का?", "अरेरे!", "मग?" एवढेच ऐकावे, तशी माझी अवस्था झाली. त्यातले एक "अरेरे" मात्र मला चांगलेच टोचले. दादांनी लिहिले होते:

"चिरंजीवास आशीर्वाद. तुझें पत्र पावलें. कागद गेले ते गेले. तूं आडवा गेला नाहींस हें उत्तम केलेंस. जीव आणि घर राहिलें हेंच पुष्कळ. सुप्याकडील वर्तमान येथें सर्वांस कळलें आहे."

आणि वर मिती होती ज्येष्ठ शुद्ध, शके १७९७, युवानाम संवत्सर.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो. शके १७९७ म्हणजे १८७५. दुष्काळ पडला शके १७९८ त. मग दुष्काळाच्या आदल्या वर्षीच "कागद गेले" कसे? आणि "आडवा गेला नाहीस" म्हणजे काय? आपल्या अंगणात आपणच जाळलेल्या कागदांना आडवे जायचे कोणी?

मी प्रथम सोपा मार्ग धरला. आमच्या गावच्या शाळेच्या शताब्दीला एक स्मरणिका निघाली होती. तीत 'गावचे थोर पुरुष' या मथळ्याखाली पणजोबांवर पाऊण पान आहे. खते जाळल्याची हकीकत तीत जशीच्या तशी छापलेली. हायसे वाटले. छापील पुरावा मिळाला! मग लेखाच्या शेवटी बारीक टाइपातली ओळ दिसली: 'ही माहिती त्यांच्या चिरंजीवांकडून समजली.' चिरंजीव म्हणजे माझे आजोबा. आमच्याच घरातून निघालेली गोष्ट गावभर फिरून, शाई लावून, माझ्याकडे साक्षीदार म्हणून परत आली होती. स्थानिक इतिहास वाचणाऱ्याने पहिली गोष्ट पाहायची ती हीच. लिहिणाऱ्याला हे सांगितले कोणी? दहा पुस्तकांत एकच गोष्ट असली तरी ती एकाच तोंडातून निघालेली असली तर साक्षीदार एकच.

तेव्हा ज्यांना आमच्या घराची भीडभाड नव्हती अशांकडे गेलो. १८८५ साली निघालेले पुणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर आणि त्याआधी दंग्यांच्या चौकशीला बसलेल्या कमिशनाचा अहवाल, असे दोन्ही ग्रंथालयात बसून वाचले. शाळेत 'दख्खनचे दंगे' म्हणून चार ओळी आपण सर्वांनी पाठ केलेल्या असतात. त्या चार ओळींत आमचे घर असेल असे मला कधी वाटले नव्हते.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. तिथून ते लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि नगर जिल्ह्यातल्या गावांत गेले. सरकारने ९५१ माणसे धरली. कारणे अहवालात तपशीलवार आहेत. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास नव्या जमाबंदीने सारा वाढवला. पैसा आटला आणि सावकाराने हात आखडला.

पण अहवालातली मला खिळवून ठेवणारी गोष्ट निराळीच होती. जमावाचा रोख पैशावर नव्हता, कागदांवर होता. सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तर बहुतेक ठिकाणी त्याला कोणी हात लावला नाही. दार लावून बसला तर मात्र जुलूम झाला. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता, इतर सावकार बहुधा सुटले. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. सुटले तर! मग 'बहुधा' या शब्दावर नजर गेली आणि तो जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

आता पणजोबांची स्वतःची पत्रे पाहिजेत. ती असली तर दादांच्या वंशजांकडे. ते घराणे पुण्यातच, आमच्यापासून दोन मैलांवर. परंतु वाटणीच्या वेळी तांब्याच्या एका बंबावरून दोन्ही घरांचे बोलणे तुटले, ते साठ-सत्तर वर्षे तुटलेलेच होते. मी जाऊन बेल वाजवली. दार एका चुलत बहिणीने उघडले. वय माझ्याहून चार वर्षांनी जास्त. नाव सांगताच म्हणाली, "बंब न्यायला आलास काय?" आणि मग दोघांनाही हसू फुटले. चहा झाल्यावर तिने नऊवारीच्या तुकड्यात बांधलेले एक गाठोडे माझ्यापुढे ठेवले. "रद्दीवाल्याला देणार होते रे. पण अक्षर इतकं सुरेख, हात होईना."

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले आणि १८९८ साली त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्या दप्तरांनाही वाळवी आणि रद्दी हेच दोन शत्रू होते. मोठ्या घराण्यांची दप्तरे निदान कुणी शोधायला तरी जाई. तुमच्या-आमच्या घरची गाठोडी एखाद्या बाईचा हात होत नाही म्हणूनच वाचतात.

त्या रात्री पत्र लावले. वैशाख वद्य पंचमी, शके १७९७. अक्षर खरेच सुरेख होते.

"तीर्थस्वरूप राजश्री दादा वडिलांचे सेवेशीं साष्टांग नमस्कार विनंती विशेष. काल दोन प्रहरीं गांवचे लोक दारांत आले. शंभरावर होते. सर्व ओळखीचे. मारहाण केली नाहीं. कागद द्या म्हणाले. न देतां निभाव नव्हता. काढून दिले. नंतर पाणी मागून प्याले. खतें चावडीपुढें नेऊन जाळलीं. खतावणी ज्वारीचे कणगींत होती, ती त्यांनीं मागितली नाहीं व म्यांही सांगितली नाहीं."

नातीच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वही कशी राहिली? लपवली होती म्हणून राहिली.

खुर्चीवरून उठून मी दिवा मालवला आणि बराच वेळ अंधारात बसलो. दरवर्षी आम्ही हळदकुंकू वाहत होतो ते दयेला नव्हे, कणगीला. पुढची पत्रे वाचू नयेत असे वाटले. पण गणितात आवडत्या उत्तरापाशी थांबता येत नाही. शेवटच्या ओळीपर्यंत जावे लागते.

श्रावणातल्या पत्रात पणजोबा विचारतात की खते गेली तरी खतावणीच्या आधारावर दावा चालेल काय, वकिलास विचारून कळवावे. दादांचे उत्तर ट्रंकेत होतेच: नुसत्या वहीवर दावा टिकणे कठीण, कमिशनाचे काय होते ते पाहून हालचाल करावी. म्हणजे माफी वगैरे कोणाच्या मनात नव्हती. पणजोबांना वसुली हवी होती.

मग मी वहीच उघडली. इतकी वर्षे तिची पूजा केली, वाचली कधीच नव्हती. एका कुळाच्या खात्यावर नजर थांबली. शके १७९० त चाळीस रुपये दिले, व्याज दरमहा दरशेकडा दोन. तीन वर्षांनी व्याज मिळवून अडुसष्ट रुपये तेरा आणे, नवे खत. आणखी तीन वर्षांनी एकशे अठरा रुपये पाच आणे, पुन्हा नवे खत. याला आमच्याकडे 'नवे-जुने करणे' म्हणत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे असे ठरले. कायदा केला होता कुळाला फार दिवस टांगते ठेवू नये म्हणून. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षे झाली की जुने खत फाडायचे, व्याज मुद्दलात घालायचे आणि नवे लिहून घ्यायचे. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना नियम होता. चाळीसांचे ऐंशीच्या वर जायला नको होते. परंतु दर नव्या खतात मुद्दलच नवे, त्यामुळे नियमही पाळला आणि चाळीसांचे एकशे अठराही झाले. गणित बिनचूक होते, ते मी दोनदा पडताळून पाहिले.

खात्याच्या खाली एक ओळ होती: 'पिंपळपट्टी शंभरास खरेदी लिहून घेतली. बाकी अठरा रुपये पाच आणे, त्याचें नवें खत.'

पिंपळपट्टी!

अठरा रुपयांचे खत चावडीपुढे जळाले. खरेदीखत मात्र दादांकडे पुण्यात होते, म्हणून ते राहिले, आणि त्याबरोबर जमीनही राहिली. ज्याची होती तोच पुढे ती आमचे कूळ म्हणून कसू लागला.

वाचकहो, आता तुम्ही म्हणाल की पणजोबा एक नमुनेदार सावकार निघाले, गोष्ट संपली. मलाही तसेच वाटले होते. पण अजून एक पत्र होते, माघ वद्य, शके १७९८ चे. इथे एक खुबी ध्यानात ठेवावी लागते. इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमारास बदलते, म्हणून माघाच्या मितीत अठ्ठ्याहत्तर नव्हे, एकोणऐंशी मिळवायचे. म्हणजे १८७७. दुष्काळ ऐन भरात आलेला.

"गांव ओस पडला. कुळें धोंडाकडे रेलवेचे दुष्काळी कामावर गेलीं. वहींत नांवें आहेत, गांवांत माणसें नाहींत. दावा कोणावर करावा? दाव्याची गोष्ट आतां सोडिली. पेंव उघडलें आहे. लोक दिढीनें घेण्यास तयार आहेत. सवाईनें देतों. दिढी घेववत नाहीं."

धोंड-मनमाड रेल्वेचे मातीकाम या दुष्काळात माणसांना काम देण्यासाठी काढलेले होते. १८७८ साली ती गाडी सुरू झाली. आज त्या मार्गाने जाताना भरावाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या वहीतली नावे त्या मातीत राबली आहेत.

आणि दिढी-सवाई शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पेवातले धान्य उसने द्यायचे आणि सुगीला मणाला दीड मण परत घ्यायचे, ती दिढी. मणाला सव्वा मण घ्यायचे, ती सवाई. लोक दीड द्यायला तयार असताना आमच्या पणजोबांनी सव्वा घेतला. फुकट दिले नाही. पण मणामागे पाव मण सोडला. पाव मण! आमच्या घराण्याच्या दयेचे खरे माप हे एवढे. इतकी वर्षे आम्ही अंगणभर ज्वाळा सांगत होतो, आणि खरी होती ती ही पाव मणाची दया. ती मात्र लिहून ठेवलेली आहे, आणि भावाला लिहिलेल्या घरगुती पत्रात आहे. तिथे मोठेपणा मिरवायचे कारण नव्हते.

शके १७९७ आणि १७९८. एका वर्षाचा फरक. त्या एका वर्षात गोष्ट सरकली आणि भीतीचे औदार्य झाले. आजोबा खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. त्यांचा जन्मच दुष्काळानंतरचा. कोणीतरी जळालेले कागद सांगितले असतील, कोणीतरी उघडलेले पेव सांगितले असेल. मुलाने दोन्हींचा मेळ आपल्या मनासारखा घातला. मी तुळस घातली तशीच.

आता एकच बाजू राहिली होती. सावकाराच्या घरची पत्रे म्हणजे पुन्हा एका बाजूचा टेलिफोन. कुळांनी पत्रे लिहिली नव्हती, त्यांना लिहायला कोणी शिकवलेच नव्हते. तेव्हा वही पिशवीत घालून गावी गेलो.

पिंपळपट्टीवर आता ऊस आहे. बांधावर पिंपळ नाही, तो केव्हाच पडला. त्या घरातले आबा ऐंशीच्या पुढचे. ओसरीवर घोंगडी टाकून म्हणाले, "या गुरुजी. वाड्यातलं मानूस लई वर्सांनी आलं." चहा आला. मी जरा अडखळतच विचारले, "आबा, खतं जाळली त्याबद्दल तुमच्या घरात काही सांगतात का?"

"सांगत्यात की. आमचा आजा त्याच्या बापाचं सांगायचा. समदं गाव वाड्यावर गेलं व्हतं. तुमचा म्हातारा भ्याला, पर शिव्या न्हाई दिल्या. आन् म्हातारी बाहीर आली. उनाचं आलाय, पानी प्या म्हनली. घागर रिती झाली तशी दुसरी आनली. आमचा आजा म्हनायचा, पानी पेल्यावर मंग वाडा जाळायचं कुनाच्या मनात ऱ्हायलं न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला. पत्रात होते: "नंतर पाणी मागून प्याले." एक गोष्ट भावाभावांच्या पत्रात, दुसरी कुळाच्या घरात तोंडातोंडी, एकमेकांना कधी न भेटलेल्या. आणि दीडशे वर्षांनी दोन्ही त्या घागरीपाशी येऊन मिळाल्या. याला म्हणतात दोन साक्षीदार. मात्र पाणी मागितले की आपण होऊन दिले, यावर दोन्ही घरांचा मतभेद आहे, आणि गंमत म्हणजे त्यात मोठेपणा समोरच्या घराने आम्हाला दिला आहे.

मी वही काढून त्यांच्या पणजोबांचे खाते वाचून दाखवले. चाळीस. अडुसष्ट. एकशे अठरा. पिंपळपट्टी. आबा ऐकत राहिले. सूनबाई दारात उभी होती, तीही हलली नाही. माझा आवाज शेवटी शेवटी बारीक झाला.

बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "म्हंजी अठराची बाकी ऱ्हायली. गुरुजी, याज धरून आज किती व्हत्याल?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. डोळे मिचकावीत होते. मग दोघेही हसलो, पण हसण्यात जरा पाणी होते.

"माझे वडील म्हणायचे, सरकारनं आमची पिंपळपट्टी नेली," मी म्हणालो.

"आन् माझा बा म्हनायचा, पट्टी घरी आली. १ एप्रिलला नारळ फोडला व्हता बांधावर. हप्ते भरायचं व्हतं, तरी फोडला."

१९५७ सालच्या त्या १ एप्रिलला कसणारी कुळे कायद्याने मालक झाली. त्याच एका दिवसाचे आमच्या घरात सुतक होते आणि या घरात नारळ फुटला होता. मी नऊ वर्षांचा होतो, आबा तेव्हा विशीच्या आत-बाहेर. मला त्या दिवाळीतला वडिलांचा अर्धवट थांबलेला आवाज आठवला. त्यांच्यावर अन्याय झाला असे मी जन्मभर मानत आलो होतो. वही एकदा उघडून वाचली असती तर कदाचित त्यांचा तो सल हलका झाला असता. निदान माझा झाला आहे.

निघताना आबा म्हणाले, "लिवा की खाली, फिटलं म्हनून."

हिशेब पुरा झाला की जुन्या वह्यांत 'बेबाक' असा शब्द लिहीत. पण मोडीच्या वर्गात पहिल्याच दिवशी बजावले होते की जुन्या कागदावर आपली लेखणी चालवायची नाही. तेव्हा वेगळ्या चिठ्ठीवर, माझ्या बाळबोध मोडीत, 'खातें बेबाक' असे लिहिले. खाली दोघांनी सह्या केल्या आणि चिठ्ठी त्या पानात ठेवली.

आपले कूळ शोधायला निघालेल्या माणसाला आधी आपली कुळे शोधावी लागतात. मराठीत हा शब्द एकच आहे, आणि मला वाटते तो उगीच एक नाही.

घरी आल्यावर नातीला सारे सांगितले. वही कणगीत लपवली होती हे ऐकून ती मुळीच नाराज झाली नाही, उलट तिला ते तुळशीपेक्षा फार आवडले. थोडा वेळ विचार करून तिने विचारले, "ज्या आजीने पाणी दिलं, तिचं नाव काय?"

दोन्ही घरची पत्रे मिळून ऐंशीच्या वर भरतात. सगळी पुन्हा चाळली. 'घरात', 'मंडळी', 'चिरंजिवाची आई' असा तिचा उल्लेख जागोजाग आहे. नाव कुठेही नाही. समयांचा हिशेब आहे, पेवाचे माप आहे, अठरा रुपयांवरचे पाच आणेसुद्धा आहेत. वाडा जिच्या घागरीने वाचला तिचे नाव लिहायला कुणाला सुचले नाही.

आता नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे जाणार आहे. यात्रेला गेलेल्या माणसांची नावे त्यांच्या वह्यांत गावागणिक उतरलेली असतात. बरोबर आलेल्या बायकांची, आईची नावेही पुष्कळदा सापडतात. पणजोबा यात्रेला गेले असतील तर एकटे गेले नसतील.

यंदा लक्ष्मीपूजनाला वही मांडायची आहेच. तिच्याशेजारी पाण्याने भरलेली एक घागर ठेवावी, असे नातीने परस्पर ठरवून टाकले आहे. मी हरकत घेतलेली नाही.